बारा विमानांचे चोवीस डावे पंख

आमच्या गल्लीत एकदा विमानं तयार झाली होती, असं मी सांगितलं की घरातले सगळे हसतात. हसू द्या. झाली होती, आणि झाली ती एकदम बारा झाली. लढाऊ विमानं, हातभर लांब, पोटाखाली चाकं असलेली. सहा बायकांनी दुपारी अंगणात बसून केली. त्या सहा जणींपैकी एकीनंही तोवर विमान जवळून पाहिलेलं नव्हतं.

लांबून पाहिलं होतं म्हणा. आमचं गाव चिखलीकडच्या उंद्रीपासून दोन कोस आत. शेतात वाकून काम करताना कधीतरी वरून बारीक घरघर यायची. मान वर केली की पांढरी रेघ दिसायची, आणि रेघेच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकायचं. मला वाटायचं, त्याच्या आत बसलेल्याला आमचं शेत कसं दिसत असेल? गोधडीच्या ठिगळासारखं? आणि त्या ठिगळावरची मी? रेघ विरून जायची, तरी मी तशीच उभी राहायची. मग सासूबाईंची हाक यायची, "काय वं, आभाळातून तुह्या माहेरचं कोनी उतरून राह्यलं का?"

मी तेव्हा नवी सून. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पुढचं वाचन मी किराणाच्या पुड्यांवर केलं. जिऱ्याची पुडी सोडली की कागद मांडीवर सरळ करायचा आणि वाचायचा. त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ बातम्या मला अर्ध्याच माहीत आहेत, उरलेला अर्धा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी हळदीच्या पुडीला गेलेला असायचा. पण वाचता येणारी सून गल्लीत मी एकटीच होते, म्हणून कोणाचंही पत्र आलं की माझ्याकडे यायचं.

सगळ्यांत जास्त पत्रं यायची शेजारच्या मावशींना. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, सगळ्या गल्लीच्याच मावशी. वयानं सासूबाईंच्या बरोबरीच्या, लवकर विधवा झालेल्या. एकच मुलगा, तो हवाई दलात. मावशींचा हात असा होता की उडदाचे पापड करायला कोणाच्याही घरी पहिलं बोलावणं त्यांना. पाच-सहा जणी गोल करून बसायच्या. एकीनं लाट्या करायच्या, दोघींनी अर्धं लाटायचं, मावशींनी शेवटचा हात फिरवून कडा पातळ करायच्या, एकीनं बाजेवर नेऊन वाळत घालायचं. शंभर पापड एकावर एक ठेवले तरी कडेला कड जुळायची. मावशी काही ओरडायच्या नाहीत. वाकडा पापड आला तर तो नुसता उचलून लाटणाऱ्या बाईच्या मांडीवर ठेवायच्या, बस.

पण संक्रांतीला त्याच घरांत हळदीकुंकू व्हायचं, तेव्हा मावशींना बोलावणं नसायचं. त्या दिवशी त्या दार लोटून घरात बसायच्या. हे तेव्हा कोणाला वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटत, खोटं कशाला सांगू.

मग पासष्टची पाकिस्तानशी लढाई झाली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे माणसांची दाटी व्हायची. आमच्या समोरच्या घरात एक काकू होत्या, जिभेला धार असलेल्या. एका दुपारी ओट्यावर सगळ्या बसलेल्या असताना त्यांनी मावशींना विचारलं, "काय वं बाई, तुहा पोरगा विमान चालवते का?"

मावशी धान्य निवडत होत्या. सूप हलायचं थांबलं. त्या म्हणाल्या, "हाव."

एवढंच. एक शब्द. पण दुसऱ्या दिवसापासून मावशींचं घर बदललं. बायका मुद्दाम त्यांच्याकडे येऊन बसायला लागल्या. पुरणपोळी झाली की एक त्यांच्याकडे जायला लागली. ग्रामपंचायतीतले म्हातारे त्यांना वाट द्यायला लागले. काकू तर आल्या-गेल्याला सांगायच्या, आमच्या समोर राहते नं, तिचा पोरगा विमानातून लढते.

थोड्या दिवसांनी मुलाचं पत्र आलं. मावशींच्या ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त बायका जमल्या. मी वाचायला बसले. खुशाली झाली, हवापाणी झालं, आणि पुढच्या ओळीवर माझे डोळे अडकले. त्यानं लिहिलं होतं, आई, मी विमानांचे पंख बसवायचं काम करतो, काळजी करू नकोस, मला वर जावं लागत नाही.

मी मान वर करून मावशींकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना वाचता आला. त्यांनी डोळे खाली केले. मी ती ओळ सोडून दिली आणि 'तुझी फार आठवण येते' इथून पुढे वाचलं.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. मी चुलीपाशी होते. म्हणाल्या, "पोरी, ते मधलं वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"सांगून टाका मावशी," मी म्हटलं. "त्यात काय कमीपणा आहे?"

"सांगीन वं. आता दिवाळी होऊन जाऊ दे."

दिवाळी झाली. त्यांनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. नंतरची दोन पत्रंही मी तशीच वाचली, मधला घास काढून.

डिसेंबरात शाळेचे मोठे गुरुजी मावशींच्या दारात आले. सव्वीस जानेवारीला चिखलीत चित्ररथ निघणार होते, आणि गावाची शाळा त्यात पहिल्यांदाच बैलगाडी सजवून नेणार होती. गुरुजींच्या मनात होतं की गाडीवर बांबूची कमान करायची, कमानीला लढाऊ विमानं टांगायची, आणि खाली मधोमध वैमानिकाच्या आईला खुर्ची द्यायची.

"मले?" मावशी म्हणाल्या.

"तुम्हालाच. गाडीचा मान तुमचा."

मावशींनी पदर सारखा केला. मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी विचारलं, "विमानं कोन करते?"

"मुलं करतील पुठ्ठ्याची. पाच पुरेत."

"पाच विमानांनी आभाळ भरते का, गुरुजी? बारा पाह्यजे. अन् पोट्ट्यायचं काम नाई ते. आमी करतो."

मला तेव्हा त्यांचं नवल वाटलं होतं. आता या वयात वाटतं, त्यांना ती खुर्ची मेहनतीनं मिळवायची होती. एका शब्दानं मिळालेली त्यांच्या अंगाला टोचत असणार.

गाडीला पुठ्ठा जड झाला असता. मावशी म्हणाल्या, धांडे घ्या. खळ्यात ज्वारीचा नवा कडबा पडलेलाच होता. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच धांड्याच्या बैलगाड्या केलेल्या. वरची कडक साल सोलायची, आतला पांढरा गाभा कापायचा, आणि सालीच्याच बारीक काड्या गाभ्यात खुपसून तुकडे जोडायचे. खिळा नको, दोरा नको. हात कापतात तेवढे.

पण विमान दिसतं कसं? मावशींनी ट्रंकेतून एक फोटो काढला. मुलगा विमानाला टेकून उभा, हसतोय. विमानाचं नाक फोटोत होतं, आणि एक पंख, मागे झुकलेला. दुसरा पंख आणि शेपूट फोटोच्या बाहेर. फोटोत सगळं मावणार कुठून, त्यात मुलगाही मावायचा होता.

मी पत्र लिहिलं. मावशी सांगत होत्या, मी लिहीत होते. आम्ही तुझी विमानं करून राहिलो, फोटोत एकच बाजू दिसते, बाकी कसं असते ते लवकर कळव. खालच्या ओळीत माझ्या मनानं लिहिलं, मावशींची तब्येत बरी आहे.

उत्तराची वाट पाहत बसायला वेळ नव्हता. मी फोटोवरून पंखाचा आकार वाढवून कागदावर काढला. मावशींनी तो रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यावर ठेवून कातरीनं कापवून घेतला. हा आमचा साचा. मी एकदा म्हणून पाहिलं, "मावशी, आधी एक विमान पुरं करून बघू का? मग बाकीची करू."

मावशींनी माझ्याकडे अशी मान वळवली जशी मी कणकेत साखर टाकली. "एक पापड लाटून, वाळवून, तळून, खाऊन मंग दुसरा लाटते का कोनी?"

सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या. विषय संपला.

जेवणं आटोपली की आम्ही मावशींच्या अंगणात बसायचो, अगदी पापडांच्याच गोलात. सासूबाई धांडे सोलायच्या. काकू साच्यानं मापून कापायच्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघी जावा काड्या खुपसून अंग जोडायच्या, म्हणजे विमानाचं मधलं धड हो, त्याला आम्ही अंगच म्हणत होतो. मावशी शेवटचा हात फिरवायच्या. खडबडीत गाभा विटकरीच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत करायच्या. मी कणकेच्या खळीनं वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायचे आणि रंग द्यायचे. पहिल्या आठवड्यात नुसती अंगं. दुसऱ्या आठवड्यात नुसते पंख. मग शेपट्या. रिठ्याच्या काळ्या बिया चाकं झाल्या. खारकेच्या बिया बॉम्ब झाल्या, पंखांखाली दोन-दोन. ते कोणाच्या अंगणावर पडतात हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आम्ही खारका कोण खाणार यावरून भांडत होतो.

चुन्यात थोडी नीळ कालवली की असा रंग व्हायचा, ना पांढरा ना निळा, थंडीतल्या सकाळच्या आभाळासारखा. काकू म्हणाल्या, "आभाळाच्या रंगाचं विमान आभाळात दिसीन कसं वं?" मावशी म्हणाल्या, "दुश्मनाले दिसू नये म्हनूनच."

पंखावर तिरंगी गोल काढायचे होते. मोठा गोल माझ्या बांगडीचा, मधला त्या जावांतल्या थोरलीच्या लेकीच्या बांगडीचा, आतला अंगठीचा. मावशी माझ्या हाताखाली पंख धरून बसायच्या. त्यांच्या मनगटात बांगडी नसायची, म्हणून गोल माझ्याकडे आले.

काय दिवस होते ते, सांगता येत नाही. अंगणात बाज टाकलेली, बाजेवर ओळीनं बारा अंगं, पंख नसलेली, डोळे नसलेली, वाळत पडलेली. धूळ बसू नये म्हणून वरून मावशींचं जुनं पांढरं पातळ. वारा आला की पातळ हलकेच वर उचलायचं, आणि असं वाटायचं की खाली ती श्वास घेतायत. सोललेल्या धांड्यांचा गोडूस वास यायचा. ऊन पायापर्यंत येऊन थांबायचं. कोणी बोलेनासं झालं की सालीचा नुसता चर्रर आवाज. त्या आवाजात माझा डोळा लागायचा, बसल्या बसल्या, बोटाला खळ तशीच. आणि दोन क्षणांच्या त्या झोपेत मी वर असायची. खाली आमची कौलं, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, विहिरीचा काळा ठिपका, आणि एका अंगणात सहा डोकी जवळ जवळ आलेली, काळी आणि पांढरी. मी त्यांना हाक मारायची आणि त्या वर बघायच्याच नाहीत, कामात असायच्या.

"खळ वाळून राह्यली, बाई," सासूबाई म्हणायच्या, आणि मी खाली उतरायची.

कधी मला वाटायचं, मावशीही तिकडेच कुठेतरी असतात. पंख घासता घासता त्यांचा हात मंद व्हायचा. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "पंख बसवताना त्याले थंडी वाजत असन का वं? उघड्यावर असते नं ते काम?" मी म्हटलं, स्वेटर असेल. त्यांनी मान हलवली. त्या चोवीस पंखांपैकी एकेक त्यांनी असा घासला होता की गालाला लावावा.

सव्वीसला पाच दिवस होते. सगळे भाग तयार होते, उद्यापासून जोडणी. आम्ही गोलात बसलेलो असताना मोठे गुरुजी लगबगीनं आत आले. हातात पोस्टकार्ड. पोस्टमन त्यांना शाळेपाशी भेटला होता. आजवर पत्रं बंद पाकिटात यायची. या वेळी त्यानं घाईत कार्ड टाकलेलं, आणि उघड्या कार्डाला कोण परकं? गुरुजी आनंदानं उभ्या उभ्याच मोठ्यानं वाचायला लागले. मी उठेपर्यंत त्यांच्या दोन ओळी झाल्याही होत्या.

"तुम्ही विमानं करताय हे वाचून फार हसलो. इथं सगळ्यांना सांगितलं. एक लक्षात ठेवा, दोन्ही पंख एकाच साच्याचे करू नका. डाव्याचा उतार वेगळा, उजव्याचा वेगळा, आरशात पाहिल्यासारखे. नवीन मुलं इथं पण पहिल्या दिवशी गोंधळतात. मी रोज हेच करतो आई. पंख उतरवायचे, तपासायचे, परत बसवायचे. चालवणारे साहेब वेगळे, आमचं काम जमिनीवर..."

पुढचं गुरुजींनी मनात वाचलं.

मग काकू म्हणाल्या, "म्हंजे चालवत नाई तो?"

मावशींच्या हातात विटकरीचा तुकडा होता. तो त्यांनी खाली ठेवला. "नाई."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पत्रं तर तूच वाचत होती नं वं? आँ? तुले दिसलं नाई का हे?"

मावशी म्हणाल्या, "तिले काई म्हनू नका. म्या सांगतलं तेवढं तिनं वाचलं. खोटं माहं हाये."

त्यांनी मला काहीच सांगितलेलं नव्हतं कधी. मी तसं बोलायला गेले तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

गुरुजी बिचारे फार ओशाळले. दुसरं काहीतरी बोलायचं म्हणून ते बाजेकडे गेले, पातळ बाजूला केलं आणि दोन पंख उचलून एका अंगाला लावून पाहिले. एक पंख मागे झुकला. दुसरा पुढे. त्यांनी दुसरी जोडी घेतली. तेच. पालथा घालून चालत नव्हतं, कारण पंख वरून फुगीर आणि खालून सपाट केलेले, आणि गोल वरच्याच बाजूला. साचा फोटोवरून एकाच पंखाचा, आणि पापडाला काही डावं-उजवं नसतं. चोवीसच्या चोवीस पंख डावे होते. विमान एक हात मागे आणि एक हात पुढे करून उभं, जसं कोणी फुगडी घालायला निघालंय.

धाकट्या जावेला हसू आवरलं नाही. तिच्या पाठोपाठ मोठीला. मग मला. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या कानापर्यंत लाल झाल्या होत्या, आणि ते पंखांमुळे नव्हतं.

"बारा ठेवा," त्या म्हणाल्या. "बारा काढून टाका. साचा उलटा करा."

"आजच?" काकूंनी विचारलं.

"आजच. ज्याले उठायचं हाये त्यानं उठावं."

काकू उठल्या. पाटावरून उठून पदर झटकला. मला वाटलं, गेल्या. त्या गोठ्याकडे गेल्या आणि काखेत धांड्यांची पेंढी घेऊन परत आल्या. खाली बसताना म्हणाल्या, "विमान चालवत नाई तं नाई. पर एवढे दिवस आमाले पुरणपोळी मोडायले लावली, बाप्पा!" कोणी हसलं नाही, पण साल सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी त्या बारा जादा पंखांवर चहा ठेवला. कोरडा गाभा भसकन पेटतो. गोल जळताना हिरवट जाळ निघाला. मी दारातून पाहत होते.

त्याच दिवशी शाळेतून निरोप आला. गाडीवर भारतमाता होणाऱ्या मुलीचा मखर मोठा झाला आहे, त्यामुळे खुर्चीला जागा उरत नाही, मावशींनी राग मानू नये. निरोप आणणाऱ्या शिपायाला मावशी म्हणाल्या, "राग कायचा? गुरुजीले सांगा, विमानं सव्वीसले सकाळी येरवाळी घेऊन जा." आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं, संक्रांतीला लोटायच्या तसंच. मी बाहेर उभी राहिले. दार वाजवायचं धैर्य मला झालं नाही. थोड्या वेळानं त्या स्वतःच बाहेर आल्या, हातात विटकरीचा तुकडा होता.

पंख पुरे झाले, पण शेवटची जोडणी पहाटेपर्यंत ओलीच होती. सव्वीसच्या सकाळी गाडी निघाली. कमानीला बारा विमानं, चार-चारच्या ओळीनं, नाकं पुढे. गावाच्या वेशीपर्यंत ती इतकी सुंदर दिसली की मला खरंच वाटलं, बैल नुसते सोबत चाललेत, ओढणारी विमानंच आहेत. मग दगडी रस्ता लागला. पहिल्या धक्क्याला एक पंख गळून भारतमातेच्या मुकुटावर पडला. दुसऱ्या धक्क्याला दोन. खळ ओली, काड्या सुटायला लागल्या. आम्ही बायका मागच्या गाडीत होतो. पुढून गुरुजींचा आवाज आला, "थांबवा! थांबवा! हे कोण बसवणार आता?"

गुरुजींनी स्वतः बसवून पाहिला. काडी मोडली. शिपायानं बसवला, तो उलटा बसला. काडी कुठल्या तिरप्यानं घालायची ते एकाच हाताला माहीत होतं.

गुरुजी आमच्या गाडीपाशी आले. मावशींच्या डोळ्यांत न पाहता म्हणाले, "मावशी, तुम्हाला वर यावं लागेल."

"जागा कुठं हाये वर?"

गुरुजींनी चढायला हात पुढे केला. मावशींनीही ताणलं नाही. त्यांनी माझ्या हातातून खळीचं वाडगं घेतलं, काड्यांची जुडी कमरेला खोचली आणि चाकावर पाय देऊन चढल्या. मखराच्या मागे, कमानीखाली, एक पाय ठेवण्यापुरती फळी होती. तिथं त्या उभ्या राहिल्या. चिखलीपर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी मान वर करून काढला. एक पंख बसवावा, तोवर दुसरा लोंबायचा. पदर डोक्यावरून सरकला तरी हात मोकळा नव्हता.

चिखलीत गर्दी होती, बॅन्ड होता, मांडवात पाहुणे बसले होते. मांडवासमोर गाडी थांबली. भारतमातेनं हात उंचावला, गुरुजींनी सलाम केला. मावशींच्या दातांत काडी होती आणि दोन्ही हातांत पंख. त्यांनी मांडवाकडे पाहिलंही नाही. मी खाली चाकाशी उभी होते. सकाळचं ऊन त्या निळसर पंखांतून गाळून त्यांच्या चेहऱ्यावर पडत होतं. बारा विमानं त्यांच्या डोक्याभोवती हलकेच गोल फिरत होती. त्या घाईत काम करणाऱ्या माणसासारख्या दिसत होत्या, आणि त्याच वेळी कोणीतरी स्वप्नात पाहिलेल्या बाईसारख्याही. हे दोन्ही एकदम कसं असतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

रस्त्याकडेला उभी असलेली एक अनोळखी बाई कौतुकानं वर पाहत होती. मुलाला कडेवर घेऊन ती पुढे आली आणि मावशींना म्हणाली, "बाई, लय साजरी केली विमानं. घरातलं कोनी हाये का विमानात?"

तिला काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ती आम्हाला पुन्हा कधी भेटणार होती? आमच्या मागच्या गाडीतल्या बायका मात्र ऐकत होत्या. काकूंनी मान पुढे काढलेली मी पाहिली.

मावशींनी दातांतली काडी काढली, पंखात खुपसली, बोटानं दाबून धरली. मग म्हणाल्या, मागच्या गाडीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "पोरगा हाये. विमानात नाई बसत तो. त्याले पंख बसवते. म्या आता करून राह्यली नं, तेच काम हाये त्याचं. त्यानं हात लावल्याबिगर साहेबाचं विमान उडत नाई."

"हो का!" ती बाई म्हणाली.

"हाव."

बॅन्ड पुन्हा सुरू झाला. बैलांनी पाऊल उचललं, कमान हलली, आणि मधल्या ओळीतल्या एका विमानाचा उजवा पंख लोंबकळायला लागला. मावशींनी तो हातानं सावरला आणि खाली माझ्याकडे पाहिलं.

"खळ घट्ट झाली वं पोरी," त्या म्हणाल्या. "पानी पाह्य कुठं भेटते का."